परदेशी किडी-रोगांना अटकाव: वनस्पती संगरोध, आयात-निर्यातीचे नियम आणि शेतकऱ्याची जबाबदारी

गाजर गवत, टोमॅटोवरील टुटा अळी, पपईवरील पिठ्या ढेकूण आणि मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी या चौघांत एक गोष्ट समान आहे. यांतील एकही मूळची आपल्या मातीतली नाही. आपल्या आजोबांनी मका केला तेव्हा त्यांना पोंग्यातली ही अळी ठाऊक नव्हती आणि टोमॅटोच्या पानातली ती नागमोडी पोखरणही ठाऊक नव्हती. आज या किडींसाठी फवारणीचा खर्च दर हंगामाला धरावाच लागतो.

परदेशातून येणाऱ्या किडी, रोग आणि तणांना देशाच्या सीमेवर अडवण्याची जी व्यवस्था आहे तिला वनस्पती संगरोध किंवा प्लांट क्वारंटाईन म्हणतात. बऱ्याच शेतकऱ्यांना हा विषय बंदरावरच्या अधिकाऱ्यांचा वाटतो. प्रत्यक्षात आपण लावतो ते रोप, पेरतो ते बियाणे आणि निर्यातीला पाठवतो तो आंबा या तिन्हींचा या नियमांशी थेट संबंध आहे. नियम नेमके काय आहेत, ते कसे चालतात आणि त्यात शेतकऱ्याचा वाटा कोणता, याची माहिती या लेखात दिली आहे.

महत्त्वाचे मुद्दे

- एकदा स्थिरावलेली परदेशी कीड पूर्णपणे नष्ट करणे बहुतेक वेळा शक्य होत नाही. ती येऊ न देणे हाच स्वस्त उपाय आहे.
- लागवडीचे साहित्य, म्हणजे रोपे, कलमे, कंद, मुनवे आणि बियाणे, हा कीड-रोग येण्याचा सर्वांत धोकादायक मार्ग आहे.
- आपण इतर देशांच्या मालाला जे नियम लावतो, तसेच नियम इतर देश आपल्या मालाला लावतात.
- काही खेपांतील चुकीमुळे संपूर्ण देशाच्या मालाची बाजारपेठ बंद होऊ शकते.

बाहेरून आलेली कीड इतकी का फोफावते?

कोणत्याही किडीच्या मूळ प्रदेशात तिच्यावर जगणारे परोपजीवी कीटक, भक्षक कीटक आणि रोगकारक बुरशी असतात. त्यामुळे तिथे तिची संख्या आटोक्यात राहते. नव्या देशात कीड एकटी येते आणि तिचे शत्रू मागेच राहतात. खायला भरपूर पीक असते, हवामान मानवते आणि मग दोन-तीन हंगामांतच उद्रेक होतो.

पपईवरील पिठ्या ढेकूण हे याचे चांगले उदाहरण आहे. ही कीड मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील. भारतात ती २००८ मध्ये तमिळनाडूतील कोइमतूर येथे आढळली. तिथून ती पपई, तुती, टॅपिओका अशा अनेक पिकांवर पसरली आणि २०१० पर्यंत महाराष्ट्रातील पपईच्या बागांतही पोहोचली. शेतकऱ्यांनी फवारण्या वाढवल्या, पण किडीच्या अंगावरील पांढऱ्या मेणचट आवरणामुळे औषध नीट पोहोचत नव्हते. उलट शेतातले मित्रकीटक मात्र मरत होते. अखेर २०१० मध्ये पोर्तो रिको येथून ‘ॲसरोफॅगस पपाये’ नावाचा बारीक परोपजीवी कीटक रीतसर परवानगीने आणला गेला. बंगळूर येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेत त्याची तपासणी व वाढ करून तो शेतात सोडण्यात आला आणि पिठ्या ढेकूण आटोक्यात आला.

हा उपायसुद्धा संगरोधाच्या दारातूनच आला, हे इथे लक्षात घ्यावे. आणलेला कीटक आपल्या पिकांना किंवा मित्रकीटकांना अपायकारक नाही, हे बंदिस्त प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तो बाहेर सोडला जात नाही. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगाही १९८० च्या दशकात असाच तपासून आणला गेला. संगरोध म्हणजे सरसकट बंदी नव्हे. काय आत येऊ द्यायचे आणि कोणत्या अटीवर, हे तपासून ठरवणे म्हणजे संगरोध.

कीड-रोग कोणत्या मार्गाने येतात?

१. लागवडीचे साहित्य: सर्वांत मोठा धोका इथे असतो. खाण्यासाठी आणलेले फळ चार दिवसांत संपते. रोप मात्र जमिनीत लागते, त्याला पाणी-खत मिळते आणि त्यासोबत आलेला विषाणू, बुरशी किंवा सूत्रकृमीही वाढतो. विषाणू असलेले कलम वरून पूर्ण निरोगी दिसू शकते.

२. माती: मुळांना चिकटलेल्या मूठभर मातीत सूत्रकृमी, बुरशीचे बीजाणू आणि तणांचे बी असते. म्हणूनच परदेशातून मातीसह रोपे आणण्यास मनाई आहे.

३. धान्य व बियाणे: गाजर गवताची पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंद झाली. ते आयात केलेल्या गव्हाबरोबर आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. धान्यातील तणाचे बी हा दुर्लक्षित राहणारा मार्ग आहे.

४. फळे व भाजीपाला: फळमाशीची अळी फळाच्या गरात असते. वरून फळ चांगले दिसते, पण तेच फळ कचऱ्यात टाकले की अळी मातीत जाऊन कोष करते.

५. लाकडी पेट्या व पॅलेट: लाकूड पोखरणारे भुंगे यातून प्रवास करतात. त्यामुळे जागतिक नियमानुसार लाकडी वेष्टन गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानाला किमान ३० मिनिटे तापवून किंवा मान्य धुरीकरण करून त्यावर ठरलेला शिक्का मारावा लागतो. द्राक्षाच्या कंटेनरमधील लाकडी पॅलेटलाही हा नियम लागू आहे.

६. प्रवासी व टपाल: परदेशातून येताना पिशवीत आणलेले कलम, ऑनलाइन मागवलेले बी, पाहुण्यांनी दिलेला कंद हे मार्ग दिसायला निरुपद्रवी असतात. २०२० मध्ये अनेक देशांत लोकांच्या घरी न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटे टपालाने येऊ लागली, तेव्हा आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या.

७. वारा व उड्डाण: हा मार्ग कोणताही कायदा अडवू शकत नाही. अमेरिकन लष्करी अळीचा पतंग एका रात्रीत सुमारे शंभर किलोमीटर उडू शकतो. ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आढळली, २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. अशा किडीसाठी सीमेवरच्या तपासणीपेक्षा लवकर ओळख आणि लवकर सूचना हाच उपाय उरतो.

भारतातील कायदा काय सांगतो?

या विषयाचा मूळ कायदा १९१४ चा ‘विनाशकारी कीटक व पीडक अधिनियम’ हा आहे. त्याच्या आधारे केंद्र सरकारने वनस्पती संगरोध आदेश, २००३ काढला. परदेशातून येणारे प्रत्येक रोप, बी, फळ, धान्य व लाकूड आज या आदेशानुसार तपासले जाते. अंमलबजावणी फरिदाबाद येथे मुख्यालय असलेले वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय करते. मुंबईसह देशातील प्रमुख बंदरे, विमानतळ आणि सीमेवरील नाक्यांवर त्याची केंद्रे आहेत. संशोधनासाठी येणाऱ्या वाणांची तपासणी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो करते.

आयातीचे टप्पे साधारण असे असतात:

- कीड जोखीम विश्लेषण: एखाद्या देशातून एखादा माल पहिल्यांदाच येणार असेल, तर त्या देशात त्या पिकावर कोणत्या किडी आहेत, त्या आपल्याकडे आहेत का, आल्या तर तग धरतील का आणि नुकसान किती होईल, याचा अभ्यास आधी केला जातो.
- आयात परवाना: माल निघण्यापूर्वी आयातदाराने परवाना घ्यायचा असतो. लागवडीच्या साहित्यासाठी अटी अधिक कडक असतात.
- पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र: याला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र म्हणतात. अमुक कीड या मालात नाही किंवा अमुक प्रक्रिया केली आहे, असे जास्तीचे घोषणापत्रही अनेकदा त्यावर लागते.
- बंदरावरील तपासणी: नमुने घेऊन तपासतात. कीड आढळल्यास धुरीकरण, परत पाठवणी किंवा नाश यांपैकी योग्य तो निर्णय होतो.
- आयातीनंतरचे विलगीकरण: कलमे, रोपे यांसारखे साहित्य मंजूर केलेल्या बंदिस्त जागेत ठरावीक काळ वाढवून त्यावर लक्ष ठेवले जाते. लपलेला रोग या काळात दिसू शकतो. त्यानंतरच साहित्य शेतात जाते.

आदेशाच्या परिशिष्टांत मालाची वर्गवारी केलेली आहे. काही माल काही देशांतून पूर्ण बंद आहे, काही फक्त अधिकृत संस्थांमार्फत येऊ शकतो, तर काही ठरलेल्या अटींवर कोणालाही आणता येतो. आपल्याकडे येऊ नयेत अशा तणांचीही स्वतंत्र यादी आहे.

नियम मनमानी नसावा: जागतिक व्यापाराची अट

कीड अडवण्यासाठी आयात थांबवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. पण या हक्काच्या आडून आपल्याच शेतमालाला संरक्षण देण्याचा मोह प्रत्येक सरकारला होतो. म्हणून जागतिक व्यापार संघटनेबरोबर १ जानेवारी १९९५ पासून एक करार लागू झाला. तो एसपीएस करार या नावाने ओळखला जातो. त्याचा गाभा चार गोष्टींत सांगता येतो:

- निर्बंधाला शास्त्रीय आधार आणि जोखमीचे मूल्यमापन हवे.
- समान परिस्थिती असलेल्या देशांत आणि देशी-परदेशी मालात भेदभाव नको.
- नियम बदलण्यापूर्वी इतर देशांना कळवायला हवे.
- संपूर्ण देशाऐवजी कीडमुक्त किंवा रोगमुक्त भाग मान्य करण्याची तयारी हवी.

या अटी भारतालाही बांधील आहेत. बर्ड फ्लूचे कारण देऊन भारताने रोग आढळलेल्या देशांतून कुक्कुट उत्पादनांची आयात थांबवली होती. अमेरिकेने २०१२ मध्ये त्याविरुद्ध तक्रार केली आणि २०१५ मध्ये अपिलातही निकाल भारताच्या विरोधात गेला. निर्बंधामागे पुरेसे जोखीम मूल्यमापन नव्हते आणि देशातील रोगमुक्त भागांचा विचार केला नव्हता, हे त्यातील मुख्य मुद्दे होते.

याउलट पुरावा हाती असला की निर्णय टिकतो. डिसेंबर २०२१ मध्ये भारताने इराणहून येणाऱ्या किवी फळांची आयात थांबवली, कारण खेपांमध्ये वारंवार खवले कीड सापडत होती आणि त्याबद्दल आधी कळवूनही सुधारणा झाली नव्हती. ‘आयात बंद करा’ अशी मागणी शेतकरी संघटना अनेकदा करतात. भाव पडले म्हणून केलेली मागणी आणि कीड सापडली म्हणून केलेली मागणी यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पहिलीसाठी आयात शुल्काचा मार्ग असतो. संगरोधाचा मार्ग फक्त दुसरीसाठी आहे.

हेच नियम आपल्या आंब्याला

आंब्याच्या गरात फळमाशीची एक जिवंत अळी सापडली तरी परदेशी तपासनीस खेप नाकारू शकतो. त्याच्या दृष्टीने ती अळी म्हणजे त्याच्या देशातील नवी लष्करी अळी असते.

युरोपीय संघाला भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत २०१३ मध्ये फळमाशी व इतर किडी सापडल्या. त्यानंतर १ मे २०१४ पासून तिथे भारतातील आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर बंदी आली. हापूसचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता. ज्यांनी बाग स्वच्छ ठेवली होती, त्यांचाही माल देशी बाजाराकडे वळवावा लागला. नियमांचा हा सर्वांत कठोर भाग आहे: खेप एका निर्यातदाराची असते, पण बंदी देशाच्या नावाने लागते. पुढे पॅकहाऊस आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय झाला. भाज्यांना मात्र त्यानंतरही वाट पाहावी लागली.

अमेरिकेचे दार सुमारे १८ वर्षांच्या खंडानंतर एप्रिल २००७ मध्ये उघडले, तेही विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे विकिरण केंद्र मूळ कांद्यासाठी उभारले होते. पहिली आंब्याची खेप तिथूनच प्रक्रिया होऊन गेली.

देशानुसार प्रक्रिया बदलते:

- युरोपीय संघ: ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या गरम पाण्यात ६० मिनिटे बुडवण्याची प्रक्रिया.
- अमेरिका: किमान ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया. यामुळे फळ किरणोत्सारी होत नाही. फळमाशी आणि कोयीतील भुंगा यांची पुढची वाढ थांबते.
- जपान: बाष्प उष्णता प्रक्रिया.

प्रक्रिया झाली तरी कागद अचूक हवा. मे २०२५ मध्ये अमेरिकेला विमानाने गेलेल्या भारतीय आंब्याच्या किमान १५ खेपा विकिरणाच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे तिथल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च परवडणारा नसल्याने माल नष्ट करण्याची वेळ आली.

कीड तपासणी आणि अवशेष तपासणी: गल्लत करू नका

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र म्हणजे मालात संबंधित देशाला नको असलेली कीड नाही, एवढीच हमी. कीटकनाशकांचे अवशेष हा वेगळा विषय आहे. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षे अडली ती किडीमुळे नव्हे, तर क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अवशेषामुळे. त्यामुळे निर्यातक्षम बागेत दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. फवारणी कमी झाली तर कीड सापडण्याची भीती असते आणि जास्त झाली तर अवशेष सापडण्याची. या दोन्हींतून मार्ग काढायचा तर सापळे, स्वच्छता आणि योग्य वेळी केलेली मोजकी फवारणी यांवर भर द्यावा लागतो.

राज्याराज्यांतही सीमा असतात

एकाच देशातही रोग एका भागातून दुसऱ्या भागात जातो. त्यासाठी १९१४ च्या कायद्यात देशांतर्गत संगरोधाची तरतूद आहे. पश्चिम बंगालमधील बटाट्यावरील चामखीळ रोग, केळीवरील पर्णगुच्छ रोग यांसाठी प्रादुर्भावग्रस्त भागातून लागवडीचे साहित्य बाहेर नेण्यास बंदी घातली गेली. केळीवरील मोझॅक रोगासाठी, ज्याला जळगावकडे हरण्या म्हणतात, महाराष्ट्र आणि गुजरात याच राज्यांतून मुनवे बाहेर नेण्यावर निर्बंध आले होते. म्हणजे या यादीत आपण देणाऱ्यांच्या बाजूलाही आहोत.

सध्या केळी उत्पादकांनी ज्या रोगाबाबत सर्वाधिक जागरूक राहावे तो म्हणजे पनामा मर रोगाची टीआर-४ ही जात. बिहारमधील कटिहार आणि उत्तर प्रदेशातील अयोध्या परिसरात तिचा प्रादुर्भाव झाला. जळगाव, नांदेड, सोलापूर भागात होणारी ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश गटातील जात या रोगाला बळी पडते. ही बुरशी जमिनीत दशकानुदशके टिकते आणि एकदा शेतात शिरली की तिला हमखास मारणारे औषध नाही. मुनवे, माती, पाणी, अवजारे आणि चपला-बूट यांतून ती पसरते.

रोगाची ओळख पुढीलप्रमाणे करावी: जुनी पाने कडेने पिवळी पडतात, देठाजवळ मोडून खोडाभोवती लोंबतात, खोड बुंध्याजवळ उभे चिरते आणि आडवा काप घेतल्यास आत लालसर तपकिरी रेषा दिसतात. असे झाड दिसल्यास ते उपटून बांधावर टाकू नये किंवा दुसरीकडे नेऊ नये. त्या भागात ये-जा आणि पाटपाणी थांबवावे व लगेच कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाला कळवावे. सर्व मर रोग टीआर-४ नसतो. नेमकी जात प्रयोगशाळेतच ठरते.

शेतकऱ्याने काय करावे?

लागवडीचे साहित्य घेताना

- फळझाडांची रोपे-कलमे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. महाराष्ट्रात यासाठी १९६९ पासून कायदा आहे. पावती, जात व मातृवृक्षाची माहिती मागून घ्यावी.
- उतिसंवर्धित रोपे प्रमाणित प्रयोगशाळेची आहेत का, विषाणू तपासणीचा दाखला आहे का, हे विचारावे.
- ‘परदेशातून आणलेली नवी जात’ असे सांगून कोणी कलमे विकत असेल तर आयात परवाना आणि विलगीकरण झाल्याचा कागद मागावा. कागद नसेल तर घेऊ नये. स्वस्तात मिळालेली काडी बागेला महागात पडू शकते.
- दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून केळीचे मुनवे, डाळिंबाची गुटी, हळद-आल्याचे बेणे आणताना मूळ बाग स्वतः पाहावी. डाळिंबावरील तेल्या रोग अनेक नव्या भागांत गुटीसोबतच पोहोचला.
- नवीन रोपे काही दिवस मुख्य बागेपासून दूर ठेवून पाहावीत. आपल्या शेतापुरता हाच संगरोध.

परदेश प्रवास करताना

- बी, कलम, कंद, माती लागलेली मुळे परवान्याशिवाय आणू नयेत. अभ्यास दौऱ्यावरून परतताना शेतातले बूट धुऊन, वाळवून आणावेत.
- टपालाने न मागवलेले बियाणे आल्यास पेरू नये आणि उकिरड्यावरही टाकू नये. पाकीट न फोडता कृषी विभागाकडे द्यावे.

निर्यातक्षम आंबा बागेत

- हंगामापूर्वी कृषी विभागामार्फत बागेची मँगोनेटमध्ये नोंदणी किंवा नूतनीकरण करावे. फवारणी व कामांची नोंदवही त्याच दिवशी भरावी.
- फळमाशीसाठी हेक्टरी ४ रक्षक सापळे लावावेत. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून एकट्या सापळ्यावर विसंबू नये.
- गळलेली, किडकी फळे रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत. झाडाखाली सोडलेले एक फळ पुढच्या पिढीतील अनेक माश्या देते.
- शेजारच्या बागायतदारांसह एकाच वेळी सापळे लावावेत. माशी बांध ओळखत नाही.
- चौदा आणे तयार फळे देठासह, नूतन झेल्याने काढावीत. फळे जमिनीवर ठेवू नयेत.

नवीन कीड दिसल्यास

- पानाचे दोन्ही बाजूंचे, किडीचे जवळून आणि संपूर्ण झाडाचे स्पष्ट फोटो काढावेत. तारीख, गाव, गट क्रमांक व वाण लिहून ठेवावे.
- जिवंत नमुना पिशवीत घालून गावोगाव फिरवू नये. कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला शेतावर बोलवावे.
- ओळख पटण्याआधी तीन-चार औषधे एकत्र करून फवारू नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

क्रॉपसॅपच्या निरीक्षणात ठरलेल्या किडींखेरीज अनोळखी लक्षण दिसले तर ‘इतर’ म्हणून सोडून देऊ नये. टुटा अळीची देशातील पहिली नोंद २०१४ मध्ये महाराष्ट्रातीलच टोमॅटोवर झाली होती. पुढची नवी कीडही पहिल्यांदा एखाद्या कृषी सहायकाच्या नजरेस पडण्याचीच शक्यता जास्त आहे. शंकास्पद नमुना विद्यापीठातील कीटकशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पाठवावा. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीच्या ॲपवरही फोटो टाकता येतो. निदान होईपर्यंत व्हॉट्सॲपवर नाव जाहीर करू नये. चुकीच्या बातमीने गावातील मालाचा भाव पडतो आणि पुढच्या वेळी शेतकरी कळवायला कचरतो.

कळवणाऱ्या शेतकऱ्याला दोषी ठरवू नये, ही सर्वांत महत्त्वाची सूचना. रोग लपवला गेला तर तो गावभर होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संगरोध इतका कडक असूनही कीड येतेच, मग उपयोग काय?
काही किडी उडत येतात, काही नजर चुकवून येतात. पण अडवलेल्या खेपा आपल्याला दिसत नाहीत, शिरलेली कीड मात्र दिसते. शिवाय कीड दहा वर्षे उशिरा आली तरी तेवढ्या वर्षांचा खर्च वाचतो आणि मित्रकीटक, प्रतिकारक जाती शोधायला वेळ मिळतो.

मी निर्यात करत नाही. मला या नियमांचा काय संबंध?
निर्यात थांबली की तो माल तुमच्याच बाजारात येतो. शिवाय रोप तुम्हीही विकत घेताच.

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र कोण देते?
केंद्राची संगरोध केंद्रे आणि राज्य कृषी विभागातील अधिकृत अधिकारी. अर्ज निर्यातदार किंवा त्याचा प्रतिनिधी करतो. ज्या देशात माल जाणार आहे त्याच्या अटी आधी पाहून मगच बागेचे नियोजन करावे.

परदेशी वाण कायदेशीरपणे आणता येतो का?
येतो. आयात परवाना, पाठवणाऱ्या देशाचे प्रमाणपत्र आणि विलगीकरण हे टप्पे पूर्ण करावे लागतात. वेळ लागतो, पण शेजारच्या शंभर बागा सुरक्षित राहतात.

येत्या लागवडीपूर्वी

बंदरावरचा तपासनीस काही नमुने पाहतो, सगळा माल नाही. त्याच्या नजरेतून सुटलेले रोप आपल्या खड्ड्यात लागणार की नाही, हे आपण पावती मागतो की नाही यावर ठरते. म्हणून येत्या पावसाळ्याच्या लागवडीसाठी रोपे आरक्षित करण्यापूर्वी तीन कामे करावीत: रोपवाटिकेचा परवाना पाहावा, मातृबाग पाहावी आणि आपल्या कृषी सहायकाचा व जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा दूरध्वनी क्रमांक शेतघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.